नव्या गाड्यांना स्टेपनी येत नाही

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या माणसाविषयी लोकांचं काय मत असतं, ते भाऊंना चांगलं ठाऊक होतं. आपण त्यातले नाही, असं ते पंचवीस वर्षं स्वतःला बजावत आले होते. त्यांनी कधी मीटर मागे फिरवलं नाही, की ठोकलेली गाडी रंग मारून खपवली नाही. गिऱ्हाईक दारात आलं की गाडीची दुखणी आधी सांगायची आणि कौतुक मागून, ही त्यांची पद्धत. त्यामुळे अख्खं गाव त्यांना भाऊ म्हणायचं आणि गाडी घ्यायची झाली की त्यांच्याच अंगणात यायचं. वागण्यात खोट अशी नव्हतीच. एक स्टेपनीची भानगड सोडली तर.

तीही अगदी सहज सुरू झाली होती. एक छोटी गाडी त्यांच्याकडे विकायला आली, तीच मुळी जादा चाकाशिवाय. मूळ मालकाने ते कुठे हरवलं होतं कोण जाणे. गिऱ्हाईकाने डिकी उघडली, खालची गादी उचलली आणि विचारलं, इथलं चाक कुठे गेलं? भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "नव्या गाड्यांना स्टेपनी येत नाही. वजन कमी राहावं म्हणून कंपनी हल्ली फेसाची बाटली देते." काही गाड्यांच्या बाबतीत हे खरंही होतं. त्या गाडीच्या बाबतीत नव्हतं. पण गिऱ्हाईकाने मान डोलावली, वर आपल्यालाही हे माहीत होतं असा चेहरा केला आणि किल्ली घेऊन गेलं.

इतकं सोपं गेलं की भाऊंचं त्यांनाच नवल वाटलं. पुढच्या छोट्या गाडीत स्टेपनी होती, ती त्यांनी काढून बाजूला ठेवली. मग त्याच्या पुढच्या गाडीतलीही. फक्त छोट्या गाड्यांतली, कारण मोठ्या गाड्यांचे लोक विचारतात. काढलेल्या चाकावर पांढऱ्या रंगाने गाडीच्या नंबराचे चार आकडे लिहायचे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली रचून ठेवायचं. अधूनमधून तिठ्यावरचा टायरवाला येऊन ती घेऊन जायचा. त्यातून फार काही सुटत होतं अशातला भाग नाही. चहापाण्याचं सुटायचं म्हणा. एकदा बायकोने ताडपत्री वर करून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा भाऊ भंगार म्हणाले होते आणि तिच्याकडे न बघता हात धुवायला निघून गेले होते.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर गाडी घ्यायला आल्या. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची, नळ्या बदलायच्या, असं त्यांचं काम. वय पंचेचाळिशीचं, बोलणं मोजकं. स्कूटरवर औषधांची पेटी घेऊन फिरताना पाठ गेली म्हणून गाडी हवी होती. त्यांनी भाऊंना एकच प्रश्न केला होता. रस्त्यात पंक्चर झालं तर काय करायचं? भाऊंनी त्यांना ती फेसाची बाटली दाखवली, ती व्हॉल्व्हला कशी लावायची ते समजावलं, दोनदा त्यांच्याकडून करून घेतलं. इतक्या आपुलकीने कोण शिकवतं? सिस्टरांनी जाताना मनापासून आभार मानले. पुढे त्या ज्या ज्या घरी जात तिथे भाऊंचं नाव काढत. त्यांच्याच शब्दावर त्यांच्या हाताखालची एक नर्सही येऊन तशीच गाडी घेऊन गेली. तिला जुळ्या मुली होत्या, म्हणून सगळे तिला जुळ्यांची आई म्हणत.

दोन वर्षांनी एका दुपारी भाऊ गावाबाहेर एका बंगल्यावर गाडी बघायला गेले होते. सौदा जमला तर तीच चालवत यायचं म्हणून जाताना बसने गेले. सौदा फिसकटला. मालकाच्या सुनेला गाडी द्यायचीच नव्हती. भाऊ थांब्यावर येऊन उभे राहिले. तासभर बस फिरकली नाही, आणि आली ती सिस्टरांची पांढरी गाडी. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, बसा, मी त्याच बाजूला चाललेय, वाटेत एका पेशंटकडे थोडं थांबावं लागेल.

गाडी छान ठेवली होती. भाऊंनी तसं म्हटलंही. सिस्टर म्हणाल्या, गाडी चांगलीच आहे, आणि तुम्ही खरं सांगून दिलीत म्हणून जास्त चांगली वाटते. भाऊ खिडकीबाहेर बघू लागले. एवढ्यात फोन वाजला. पलीकडून एका म्हातारीचा घाबरा आवाज येत होता. सिस्टरांनी पंधरा मिनिटांत पोचतेय म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून गाडीचा वेग वाढवला. पेशंट म्हणजे एक म्हातारे शिंपी होते. त्यांची लघवीची नळी सकाळपासून तुंबली होती आणि पोट फुगून दगडासारखं झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, माणूस मुकाट्याने सोसणारा आहे, तो ओरडतोय म्हणजे काय होत असेल बघा.

पुढच्या वळणावर रस्त्याची कड खचली होती आणि तिथे तुटक्या लोखंडी कठड्याचा एक तुकडा वर आला होता. समोरून ट्रक आला, सिस्टरांनी गाडी कडेला घेतली आणि फाडकन आवाज झाला. गाडी एका बाजूला बसली. दोघं खाली उतरले. डाव्या बाजूचं पुढचं टायर कुशीत वीतभर फाटलं होतं. अशा फाटक्या टायरला फेस काय करणार, हे भाऊंना बघताक्षणी कळलं. पण सिस्टर एव्हाना डिकी उघडत होत्या.

डिकीतली गादी त्यांनी उचलली. स्टेपनीच्या गोल खड्ड्यात नळ्यांची पाकिटं, कापसाची बंडलं, हातमोज्यांचे खोके, सगळं नीटनेटकं लावलेलं होतं.

"ही जागा फार कामाची झालीय मला," सिस्टर म्हणाल्या. "एवढी गोल जागा कंपनीने कशाला ठेवली असेल, असं मला नेहमी वाटतं."

त्यात टोमणा असता तर भाऊंना सोसला असता. सिस्टरांच्या बोलण्यात टोमणा नावालाही नव्हता. त्यांनी बाटली काढली, भाऊंनी शिकवल्याप्रमाणे हलवली, व्हॉल्व्हला लावली. पांढरा फेस टायरच्या फाटलेल्या कुशीतून भसाभस बाहेर आला आणि त्यांच्या चपलांवर सांडला. त्या उकिडव्या बसून बघत राहिल्या, मग भाऊंकडे मान वळवून म्हणाल्या, माझं काही चुकलं का? भाऊंनी नाही म्हणून मान हलवली. तुमचं काही चुकलं नाही, एवढं तरी तोंडाने म्हणायचं होतं, पण तेही जमलं नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरांनी वेळ घालवला नाही. शिंप्याचं घर तिथून पुढे चार किलोमीटर होतं. त्यांनी लागणारं सामान पिशवीत भरलं आणि चालायला लागल्या. भाऊ पिशवी धरायला पुढे झाले तर त्यांच्या हातात किल्ली देऊन म्हणाल्या, तुम्ही गाडीचं काय ते बघा, तुमच्याइतकं ते कोणाला कळणार? दोन-चार गाड्यांना त्यांनी हात केला. एकही थांबली नाही. त्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत भाऊ तसेच उभे होते. सिस्टरांची पाठ दुखते हे त्यांना माहीत होतं.

जॅक आणि पाना डिकीच्या कप्प्यात होते. तेवढे तरी त्यांनी काढून घेतले नव्हते. गाडी उचलून त्यांनी फाटकं चाक उतरवलं आणि ते ढकलत तिठ्याच्या दिशेने निघाले. तिठा दीड किलोमीटर मागे होता. फाटकं चाक सरळ चालत नाही, हिसके देत भलतीकडे जातं. साठीला टेकलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस ते कधी लोटत, कधी कवेत धरून नेत होता. ओळखीचा एक दूधवाला सायकलवरून जाताना थांबला आणि हसत म्हणाला, काय भाऊ, तुमच्यावर ही वेळ? भाऊही हसले.

टायरवाल्याने चाक एक नजर बघून बाजूला टाकलं. टायर कामातून गेलंय, नवं मागवायला दोन दिवस लागतील, पण तयार चाक हवं असेल तर आहे, म्हणाला. आत भिंतीला खुंट्यांवर ओळीने चाकं टांगली होती. या मापाची तीन. तिन्ही कोरी, अजून रस्त्याची माती न लागलेली, टायरवरची बारीक रबरी केससुद्धा शाबूत.

टायरवाला म्हणाला, "तुमचीच आहेत. हे माप फारसं खपत नाही. ज्यांना लागतं त्यांना वाटतं, आपल्या गाडीला येतच नाही."

तो स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसला. भाऊंनी पहिलं चाक बघितलं, मग दुसरं. दुसऱ्यावर पांढऱ्या रंगात, त्यांच्याच वळणदार हाताने, सिस्टरांच्या गाडीचे चार आकडे होते. त्यांनी ते खाली उतरवलं. टायरवाला हात पुसायला रॉकेलचा बोळा देऊन दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला, आणि भाऊंनी आधी हात पुसले, मग इकडेतिकडे बघून त्या बोळ्याने पहिला आकडा पुसायला घेतला. रंग जुना होता, जोर लावावा लागत होता. पहिला आकडा जवळजवळ गेला तेव्हा त्यांना समोरच्या फुटक्या आरशात आपलं तोंड दिसलं. चाळिशी नाकावर घसरलेली, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, शाळेत पाटीवरचा शेरा थुंकीने पुसणाऱ्या पोरासारखं. बोळा त्यांच्या हातातून आपोआप खाली गेला. उरलेले तीन आकडे तसेच राहिले.

चाक बसवून गाडी घेऊन ते शिंप्याच्या घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. एकमजली घर, दारात शिलाईचं जुनं मशीन कापडाने झाकून ठेवलेलं. आतून आवाज येत नव्हता. म्हातारीने दार उघडलं आणि त्यांना थेट आतल्या खोलीत नेलं. काम झालं होतं. सिस्टर सामान आवरत होत्या. त्यांच्या टाचेवर फोड येऊन फुटला होता. खाटेवर म्हातारे शिंपी घामाने चिंब होऊन पडले होते, डोळे खोल गेलेले, अंग अजून मधूनच थरथरत होतं. उशीचा अभ्रा एका कोपऱ्यात दातांनी चावून फाटला होता.

म्हातारीने शिंप्यांना सांगितलं, गाडी यांनी आणली. शिंप्यांनी कष्टाने हात उचलून जोडले.

"माफ करा," ते म्हणाले. "माझ्यामुळे तुमचा सगळा दिवस मोडला. आणि मी ओरडलो फार. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर लाज गेली माझी."

भाऊंनी हात जोडले आणि ते तिथून जवळजवळ पळालेच. बाहेर मोरीपाशी नळ होता. सिस्टर हात धुवायला आल्या तेव्हा भाऊ तिथेच भिंतीला टेकून उभे होते.

सिस्टरांनी गाडीकडे बघितलं. चाक कुठे मिळालं म्हणून विचारलं. मग जवळ गेल्या, वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"हा माझा नंबर आहे," त्या म्हणाल्या. "पहिला आकडा पुसल्यासारखा दिसतोय."

"मी पुसला. आत्ता, तिठ्यावर," भाऊ म्हणाले. "चाक तुमचंच आहे. तुमच्या गाडीला येतं. मी काढून घेतलं होतं. खोटं बोललो मी तुमच्याशी."

एवढं बोलल्यावर त्यांना वाटलं की आता त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टरांनी नळापाशी परत येऊन साबण पुन्हा हाताला लावला आणि कोपरापर्यंत हात सावकाश धुतले. मग विचारलं, जुळ्यांच्या आईचंही? भाऊ हो म्हणाले.

"काका तासभर जास्त ओरडले आज," त्या म्हणाल्या.

"त्यांना जाऊन सांगू का मी? पाय धरतो त्यांचे."

"नको. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून त्यांना आणखी का शिणवायचं? झोपू दे त्यांना." त्यांनी नळ बंद केला. "तिला सांगा. दोन पोरी मागे घालून ती दर आठवड्याला आईकडे जाते, वाटेत चिटपाखरू नसतं. माझ्या शब्दावर गाडी घेतलीय तिने. आजच सांगा, आणि तुमच्या तोंडाने सांगा."

परतताना त्यांनी भाऊंना गाडीत घेतलं, कारण वाट एकच होती. टाचेमुळे क्लच दाबताना सिस्टर दर वेळी ओठ आवळत होत्या. मी चालवतो, असं म्हणायला भाऊंनी दोनदा घसा खाकरला, पण आपण कुठल्या तोंडाने म्हणावं हे त्यांना कळेना. अंगणाशी उतरताना त्यांनी थँक्यू म्हटलं आणि म्हटल्यावर ते आणखीच ओशाळले.

त्याच संध्याकाळी ते जुळ्यांच्या आईकडे गेले. तिला वाटलं, गाडीच्या कागदपत्रांचं काही राहिलंय. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन्ही पोरी येऊन त्यांच्या गुडघ्यांशी उभ्या राहिल्या. तिचं चाक टायरवाल्याकडून केव्हाच विकलं गेलं होतं, म्हणून भाऊंनी उरलेल्या दोनांतलं एक बरोबर नेलं होतं, आणि ते दाराबाहेर ठेवून आत आले होते. त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत असताना हळूहळू पोरींना आपल्याकडे ओढून घेत गेली. शेवटी एवढंच म्हणाली की, पावसात एकदा आम्ही तिघी चार तास रस्त्यावर बसलो होतो, आणि मी गाडी बनवणाऱ्यांना शिव्या घालत होते. तिने चाक घेतलं. ग्लास मात्र भाऊंनी पाणी प्यायच्या आत उचलून नेला.

बायकोला सांगणं सगळ्यांत जड गेलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, मला भंगार म्हणाला होतात. त्यानंतर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने जुने कागद काढले, छोट्या गाड्यांची गिऱ्हाइकं एका कागदावर उतरवली आणि म्हणाली, चला. प्रत्येक घरापाशी ती गाडीत बसून राहायची आणि भाऊ एकटे जिना चढायचे. वाटलं होतं, दोन-चार घरांनंतर सवय होईल. तशी ती झाली नाही. एका माणसाने हसण्यावारी नेलं, एकाने दार लावून घेतलं, एका बाईने मुलालाही बोलावलं आणि भाऊंना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. एका गिऱ्हाईकाने गाडी पुढे विकून टाकली होती. शोधत शोधत भाऊ नव्या मालकाकडे पोचले. तो सुतार होता, रंधा मारत होता. भाऊ चाकाचं बोलू लागताच त्याने हात थांबवला आणि समजुतीच्या स्वरात त्यांना सांगितलं की, काका, या गाड्यांना जादा चाक येत नाही, मला आधीच्या मालकाने नीट सांगितलंय, तुम्हाला कोणीतरी फसवलंय. त्याची समजूत घालायला भाऊंना अर्धा तास लागला. तो आधीचा मालक बिचारा मनापासून बोलला होता.

धंदा बसला नाही, पण पूर्वीसारखा राहिलाही नाही. सिस्टरांकडून येणारी माणसं बंद झाली. रस्त्यात दिसल्या तर त्या मान हलवत, थांबत नसत. भाऊ मात्र ती पांढरी गाडी गेली की हातातलं काम विसरून उभे राहत.

वर्षाने भाऊंची बायको पायरीवरून पडली. पोटरीला मोठी जखम झाली, टाके पडले, आणि दवाखान्याने घरी ड्रेसिंगला सिस्टरांनाच पाठवलं. भाऊंनी दार उघडलं. सिस्टर आत आल्या, बायकोशी बोलल्या, तिची विचारपूस केली, पट्टी सोडली. भाऊ दाराशी अंग चोरून उभे होते, जावं की थांबावं या विचारात. जखम खोल होती आणि बायको पाय हलवत होती.

"इकडे या," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "टाच धरा. घट्ट नको, नुसता आधार द्या."

भाऊ जमिनीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी टाच धरली. सिस्टरांनी चिमट्याने कापूस उचलला.